ब्रेकच्या हँडलला कुलूप कशासाठी?

रेल्वेगाडीच्या ब्रेकच्या हँडलला कुलूप असतं, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खटकतं. ब्रेक तर क्षणात हाताशी हवा. त्याला कुलूप घालणं म्हणजे ऐन वेळी चालकाचे हात बांधणं, असं वाटणं साहजिक आहे. पण चांगल्या रचनेतलं हे कुलूप ब्रेक लावण्याच्या आड येतच नाही. ते अडवतं ते ब्रेक चुकून सुटण्याला, किंवा गाडीच्या एखाद्या भागात ब्रेक लागूच न शकण्याला. रेल्वेच्या सुरक्षेत इतकं छोटं आणि इतकं मोलाचं दुसरं काही क्वचितच असेल. ते समजून घ्यायचं तर आधी गाडीचा ब्रेक कसा चालतो ते पाहायला हवं, कारण तो आपल्या अंदाजाच्या बरोबर उलटा चालतो.

हवा भरली की ब्रेक सुटतो

इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एक सलग नळी जाते. तिला ब्रेक पाइप म्हणतात. डब्यांच्या मधल्या फटीत ती रबरी होजने जोडलेली असते. गाडी धावत असताना या पाइपमध्ये दाबाखालची हवा भरलेली असते. जगातल्या बऱ्याच रेल्वेंवर हा दाब साधारण ५ बार ठेवतात (बार हे दाबाचं एकक). प्रत्येक डब्याखाली हवेची स्वतंत्र टाकी आणि एक झडप असते. ही झडप ब्रेक पाइपमधल्या दाबावर सतत नजर ठेवून असते. पाइपमधला दाब कमी झाला, की झडप टाकीतली हवा ब्रेक सिलिंडरमध्ये सोडते आणि ब्रेक चाकांना आवळले जातात. दाब पुन्हा वाढला, की सिलिंडरमधली हवा बाहेर जाते आणि चाकं मोकळी होतात. दाब साधारण दीड बारने उतरवला की नेहमीच्या वापरातला पूर्ण ब्रेक लागतो. संकटात मात्र पाइप एकदम मोकळा सोडतात.

म्हणजे हवा हा इथे ‘ब्रेक सोडा’ असा निरोप आहे. निरोप थांबला, की ब्रेक लागतो. होज फुटला, गाडीचे दोन तुकडे झाले, कोणी साखळी ओढली, तर हवा निघून जाते आणि गाडी आपोआप थांबते.

हा उलटा विचार जॉर्ज वेस्टिंगहाउसचा. १८६९ साली त्याने पेटंट घेतलेला पहिला हवेचा ब्रेक सरळ होता: हवा पाठवली की ब्रेक लागणार. त्यात होज तुटला तर ब्रेकच नाही. १८७२ साली त्याने प्रत्येक डब्याला टाकी आणि झडप दिली आणि तर्क उलटा केला. तरीही पुढची कित्येक वर्षं अनेक गाड्या जुन्या, आपोआप न लागणाऱ्या ब्रेकवर धावत राहिल्या. १२ जून १८८९ला आयर्लंडमधल्या आर्माजवळ अशीच एक सहलीची गाडी चढावर अडली. तिचे दोन भाग करून पुढचा भाग आधी वर नेण्याचं ठरलं. सोडवलेल्या मागच्या डब्यांवरचा ब्रेक त्याच क्षणी निकामी झाला, डबे उतारावरून मागे घरंगळले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसं गेली, त्यात कितीतरी मुलं होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी गाड्यांना सलग आणि आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा केला.

या ब्रेकला फसवण्याचे दोन मार्ग

हवा निघून जाण्याच्या प्रत्येक बिघाडात वेस्टिंगहाउसचा ब्रेक आपल्या बाजूने उभा राहतो. पण हवा निघून जाऊच शकली नाही तर?

तसं दोन प्रकारांनी होतं. पहिला म्हणजे चालक एका टोकाने हवा सोडतोय आणि दुसऱ्या टोकाला कोणीतरी, किंवा कुठलीतरी उघडी राहिलेली झडप, पाइपात हवा भरतेय. दुसरा म्हणजे पाइपवरचा एखादा कॉक, म्हणजे हाताने उघडायची-बंद करायची तोटी, मध्येच बंद झालाय. मग कॉकच्या पुढची हवा सुटते, मागची आत कोंडून राहते. दोन्हीत मागच्या डब्यांना ‘ब्रेक सोडा’ हाच निरोप मिळत राहतो आणि ते निष्ठेने त्याचं पालन करतात. हँडलांची कुलपं या दोन वाटा बंद करण्यासाठी आहेत.

काढून नेता येणारं हँडल

आधी पहिली वाट. चालकाच्या समोर ब्रेकची झडप असते आणि तिच्यावर हँडल. हँडल एका टोकाला असलं की झडप पाइपात ठरलेला दाब भरते. तिथून सरकवत नेलं की दाब पायरीपायरीने उतरतो, आणि अगदी शेवटी असते आणीबाणीची जागा. आधुनिक झडपांचा एक गुण इथे नीट लक्षात घ्यावा लागतो: हँडल जिथे ठेवलंय तिथला दाब त्या टिकवून धरतात. लांब गाडीत सांध्यासांध्यातून थोडी हवा गळतच असते. झडप ती गळती आपोआप भरून काढते. फार उपयोगी गुण आहे हा. पण याच गुणामुळे एका गाडीत अशा दोन झडपा एकाच वेळी चालू असणं घातक ठरतं.

समजा, गाडीला दोन इंजिनं आहेत, किंवा दोन्ही टोकांना चालकाचा कक्ष आहे. पुढचा चालक ब्रेक लावतो, पाइपातला दाब उतरू लागतो. मागच्या कक्षातली झडप ‘गाडी चालू’ या जागेवर राहून गेली असेल, तर तिच्या दृष्टीने ही एक मोठी गळती आहे. ती हवा भरू लागते. पिंपाची तोटी उघडून ते रिकामं करायला बसावं आणि वरचा नळ कोणी बंदच केलेला नसावा, तशातली गत. दाब हवा तेवढा उतरत नाही, ब्रेक अर्धवट लागतो किंवा लागलेला हळूहळू सुटतो.

यावर उपाय असा काढला गेला: पूर्ण गाडीला ब्रेकचं हँडल एकच द्यायचं. ते काढता आलं पाहिजे, आणि फक्त एकाच जागेवर काढता आलं पाहिजे, जिथे ती झडप हवा भरत नाही. चालकाला टोक बदलायचं असेल तर त्याला हँडल सोबत न्यावंच लागतं. हँडल हातात आलं याचा अर्थच मागची झडप गप्प झाली. ती गप्प केली का हे आठवत बसायची गरज उरत नाही. हातातलं लोखंड त्याची साक्ष देतं. मला या सगळ्या विषयात सर्वांत देखणी वाटते ती हीच गोष्ट. नियमपुस्तकातलं एक वाक्य इथे धातूत ओतलेलं आहे आणि ते मोडायचं तर धातू मोडावा लागेल.

आतली रचना साधी असते. हँडलच्या खोबणीला एक दात असतो. झडपेच्या डोक्यावर एक कडं असतं आणि त्या कड्याला एकाच ठिकाणी खाच. हँडल बाकी कुठल्याही कोनात असताना दात कड्याखाली अडकलेला असतो, त्यामुळे कितीही ओढलं तरी हँडल वर येत नाही. काढायच्या जागेवर आणलं की दात खाचेसमोर येतो आणि हँडल सरळ उचललं जातं. ते उचललं की आतला दांडा त्याच जागी अडकून राहतो. मग पाना लावून किंवा चिमट्याने झडप फिरवण्याचा मोह झाला तरी ती सहजी फिरत नाही.

काढायची जागा कुठे ठेवायची यातही विचार आहे. उत्तर अमेरिकेत गाजलेल्या २६-सी या झडपेत हँडल सुटं होण्याची जागा ब्रेक लागण्याच्या संपूर्ण पट्ट्याच्या पलीकडे, आणीबाणीच्या जरा अलीकडे आहे. ‘ब्रेक सुटलेला’ या जागेवरून तिथे पोहोचायचं तर वाटेत गाडीला ब्रेक लावूनच जावं लागतं. चालकाने हँडल खिशात घातलं आणि गाडी मोकळीच राहिली, असं त्या वाटेने होऊ शकत नाही. इंजिन दुसऱ्या इंजिनाच्या मागे जोडून चालवायचं असेल तर मात्र तिथे आधी झडपेचा ब्रेक पाइपशी असलेला संबंध वेगळ्या खटक्याने तोडायचा आणि मग हँडल काढायचं, असा क्रम पाळावा लागतो. क्रम उलटा झाला तर गाडी जागीच जखडते. वेळ जाईल, मनस्ताप होईल, पण बिघाड सुरक्षित बाजूला होईल.

आणि हँडल काढलेल्या कक्षातून संकटात ब्रेक लावायचा झाला तर? त्यासाठी तिथे आणीबाणीची वेगळी झडप किंवा मोठं लाल बटण असतं. ते थेट ब्रेक पाइप मोकळा करतं. त्याला हँडल लागत नाही, चावी लागत नाही, कसलंच कुलूप आडवं येत नाही.

डब्याखालचा कॉक

दुसरी वाट जास्त भीषण आहे, कारण ती चालकाच्या नजरेआड असते. प्रत्येक डब्याच्या दोन्ही टोकांना ब्रेक पाइपवर एकेक कॉक असतो. डबे जोडताना उघडायचा, सोडवताना बंद करायचा. धावत्या गाडीत फक्त शेवटच्या डब्याचा मागचा कॉक आणि सगळ्यात पुढचा कॉक बंद असतात, मधले सगळे उघडे. त्या प्रत्येकाला एक छोटं हँडल असतं. चाकांजवळ, खडी आणि धुळीत, सतत थरथरत राहणारं.

१५ जानेवारी १९५३च्या सकाळी बोस्टनहून वॉशिंग्टनला येणारी ‘फेडरल एक्स्प्रेस’ राजधानीजवळ पोहोचली. १६ डब्यांची गाडी, पुढे ४८७६ क्रमांकाचं विजेचं इंजिन. वाटेतल्या स्थानकांवर ती व्यवस्थित थांबत आली होती. शेवटच्या टप्प्यात चालकाने ब्रेक लावला, तर वेग जेमतेम उतरला. आणीबाणीचा ब्रेक लावला तरी तेच. तिसऱ्या डब्याच्या मागच्या बाजूचा कॉक बंद झाला होता. इंजिनाचे आणि पहिल्या तीन डब्यांचे ब्रेक जिवाच्या आकांताने आवळले गेले. मागचे १३ डबे ब्रेक सुटलेल्या अवस्थेत त्यांना पुढे ढकलत राहिले. सिग्नल केबिनमधून स्थानकात फोन गेला, माणसं पळाली. गाडी रूळ संपल्यावरचा अडथळा उडवून थेट प्रवाशांच्या दालनात शिरली आणि इंजिनाच्या वजनाने जमीन खचून ते तळघरात गेलं. कित्येक जण जखमी झाले, पण एकही माणूस मेलं नाही. ते इंजिन नंतर तुकड्यांनी बाहेर काढलं, पुन्हा जोडलं आणि कित्येक वर्षं धावलं.

चौकशीत कारण निघालं ते कॉकच्या हँडलच्या जागेत. त्या डब्यावर हँडल अशा ठिकाणी येत होतं, की डब्याच्या तळातला एक भाग हालचालीत त्याला लागू शकत होता. कोणी दुष्टपणा केला नव्हता, कोणी निष्काळजीपणे पाय ठेवला नव्हता. गाडीच्या स्वतःच्या हेलकाव्यांनी हँडल ढकललं गेलं होतं.

अशा कॉकसाठी आपोआप अडकणारं हँडल वापरतात. त्याची रचना एका वाक्यात मावते: फिरवण्यापूर्वी उचलावं लागतं. हँडल एका पिनेवर वरखाली झुलतं. खाली पडलेलं असताना त्याची टाच कॉकच्या अंगावरच्या दोन उंचवट्यांच्या मधे बसते, म्हणून ते आडवं सरकत नाही. हाताने उचललं की टाच उंचवट्यावरून सुटते, मग ते पाव फेरा फिरवायचं, सोडलं की नव्या जागी टाच पुन्हा बसते. रुळांवरून उडालेला दगड हँडलला ढकलू शकतो, थरथरीने ते हलू शकतं, लोंबता दोर त्यात अडकू शकतो. पण आधी उचलायचं, उचललेलं धरून ठेवायचं आणि तसंच फिरवायचं, हे तिन्ही ओळीने व्हायला हातच लागतो. कुलूप म्हणजे चावीच असली पाहिजे असं नाही. अपघाताने जुळून येणार नाही असा हालचालींचा क्रमही कुलूपच आहे.

मात्र हात लागला आणि चुकीचा लागला, तर हे कुलूप काही करू शकत नाही. २७ जून १९८८ला पॅरिसच्या उपनगरी गाडीत एका प्रवाशाने धोक्याची साखळी ओढली. ती पूर्ववत करण्याच्या खटपटीत चालकाच्या हातून पहिल्या डब्यामागचा ब्रेक पाइपचा कॉक बंद झाला. मागच्या डब्यांचे ब्रेक आवळलेलेच राहिले, कारण पुढून हवा त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हती. चालकाला वाटलं, ब्रेक अडकलेत. त्याने आणि गार्डने डब्याडब्याला जाऊन हवा सोडून ब्रेक मोकळे केले. आता पहिला डबा वगळता गाडीला ब्रेक उरले नव्हते. उतारावरून ती गार द लियोन स्थानकात शिरली आणि उभ्या असलेल्या गाडीवर आदळली. ५६ माणसं गेली. उभ्या गाडीचा चालक आंद्रे तांगी शेवटपर्यंत आपल्या कक्षातून प्रवाशांना बाहेर पडायला सांगत राहिला. तोही त्यात गेला.

म्हणूनच कॉकवर कितीही चांगलं कुलूप असलं तरी गाडी जोडल्यावर, किंवा ब्रेकच्या पाइपला कोणी हात लावल्यावर, सलगता तपासायची असते: पुढून दाब उतरवायचा आणि सगळ्यात शेवटच्या डब्याचा ब्रेक लागला का ते पाहायचं. पुढच्या डब्यांचा ब्रेक लागणं याचा पुरावा ठरत नाही, वॉशिंग्टनमध्येही तो लागलाच होता. उत्तर अमेरिकेतल्या लांब मालगाड्यांच्या शेपटीला आता एक यंत्र असतं, जे रेडिओवरून हुकूम मिळताच मागच्या टोकाने हवा सोडतं. मधला एखादा कॉक बंद असला तरी मग दोन्ही बाजूंचे डबे आवळले जातात.

हँडलांनी एकमेकांना अडवणं

आजच्या चालककक्षात बहुधा तीन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या असतात: चावी, दिशेचं हँडल आणि वेग-ब्रेकचं हँडल. चावी फिरवल्याशिवाय दिशेचं हँडल हलत नाही. दिशा निवडल्याशिवाय वेग-ब्रेकचं हँडल ब्रेकच्या बाजूकडून वेगाच्या बाजूला येत नाही. आणि परत जाताना दोन्ही आपापल्या मूळ जागी आल्याशिवाय चावी निघत नाही.

हे साधणारं यंत्र शंभर वर्षांपूर्वीच्या कारागिरालाही कळलं असतं. शेजारी शेजारी दोन चकत्या असतात, प्रत्येकीच्या काठाला एक खाच. त्यांच्या मधे सरकणारा एक छोटा दांडा. दांड्याची लांबी दोन चकत्यांमधल्या अंतरापेक्षा किंचित जास्त ठेवतात, त्यामुळे त्याचं एक ना एक टोक कुठल्या तरी खाचेत घुसलेलंच राहतं. ज्या चकतीत टोक घुसलंय ती जखडलेली, दुसरी मोकळी. मोकळी चकती फिरली की तिचा गोल काठ दांड्याला मागे सरकू देत नाही, म्हणून पहिली जखडलेलीच राहते. दुसरी पुन्हा आपल्या मूळ जागी आली, खाच दांड्यासमोर आली, तरच दांडा तिकडे सरकतो आणि पहिली सुटते. ना वीज, ना सॉफ्टवेअर. इलेक्ट्रॉनिक ब्रेक आले, हँडल आता नुसता विद्युत संकेत पाठवतं, तरी आतले हे दांडे आणि चकत्या टिकून आहेत, आणि ते योग्यच आहे असं माझं मत आहे. सॉफ्टवेअरने दोन कक्ष एकाच वेळी जागे झाल्याचं ओळखावं आणि गाडी थांबवावी, हे हवंच. पण त्याआधी ते होऊच न देणारा धातूचा तुकडा जास्त भरवशाचा.

या कुलपांना दिशा असते, हे विसरून चालत नाही. हँडलच्या खाली दातेरी चकती आणि तिच्यावर स्प्रिंगने दाबलेलं चाक असतं; प्रत्येक जागेवर ‘खट्’ लागतं ते त्याचंच. दात्याची ब्रेकच्या बाजूची कड उतरती ठेवली की त्या बाजूला हँडल नुसत्या ढकलण्याने जातं. सोडण्याच्या बाजूची कड उभी ठेवली की परत यायला मुठीखालचं बटण दाबावं लागतं. आणीबाणीच्या जागेआधी जरा कडक खटका ठेवतात, म्हणजे साध्या ब्रेकच्या नादात हँडल तिथे घसरत नाही, पण घाबरलेल्या माणसाने जोरात लोटलं तर ते थेट पोहोचतं. घाबरलेला माणूस बटणं शोधत नाही. आणीबाणीकडे जाताना ज्या कुलपाला दुसरी एखादी हालचाल लागते, ते कुलूप चुकीचं बांधलेलं आहे.

कुलपाला माणसाच्या मनातलं कळत नाही, हेही खरं. १५ मे २००१ला अमेरिकेतल्या ओहायो राज्यात यार्डात सावकाश चालणाऱ्या एका मालगाडीचा चालक रुळांचा सांधा बदलायला खाली उतरला. उतरण्यापूर्वी त्याने इंजिनाचे ब्रेक लावले आणि मोटरींचा ब्रेकही (इंजिनाच्या विजेच्या मोटरींनीच वेग उतरवणारा) लावला असं त्याला वाटलं. प्रत्यक्षात यंत्रणा वेगाच्या बाजूला होती. डब्यांचे हवेचे ब्रेक यार्डातल्या कामात जोडलेलेच नव्हते. गाडी त्याच्याशिवाय निघाली आणि सुमारे १०० किलोमीटर धावली. शेवटी दुसऱ्या इंजिनाने मागून गाठून तिला मंद केलं आणि एका कर्मचाऱ्याने धावत जाऊन चढून ती थांबवली. त्या इंजिनांच्या रचनेत एकच लिव्हर कधी वेगाचा, कधी ब्रेकचा असायचा. तिथे कितीही खाचा कोरल्या तरी लिव्हर दोन्ही अर्थांनी सारख्याच सहज सरकणार.

उभ्या गाडीला हे कुलूप पुरत नाही

हँडल काढून खिशात घातलं, कक्षाला टाळं लावलं, म्हणजे गाडी जागेवर राहील असं समजणं धोक्याचं आहे. लावलेला हवेचा ब्रेक डब्याखालच्या टाकीतल्या हवेवर टिकतो, आणि ती हवा कधी ना कधी गळते. ५-६ जुलै २०१३च्या रात्री कॅनडात लाक-मेगांतिक गावाच्या वरच्या चढावर कच्च्या तेलाच्या ७२ टाक्यांची गाडी एकटी उभी होती. हाताने आवळायचे ब्रेक इंजिनं धरून फक्त सात वाहनांवर लावले होते. बाकीचा भार इंजिनाच्या हवेच्या ब्रेकवर. चालू ठेवलेल्या इंजिनाला आग लागली, ती विझवताना इंजिन बंद केलं गेलं, कॉम्प्रेसर थांबला, हवा गळत गेली. गाडी उतारावरून गावात घुसली आणि ४७ माणसं मेली. उभ्या गाडीला लागतो तो साखळी किंवा स्क्रूने आवळलेला हातब्रेक, किंवा स्प्रिंगच्या ताकदीने लागणारा ब्रेक, ज्याला हवा फक्त सोडण्यासाठी लागते.

कुलूप स्वतःही झिजतं. हँडलचा दात रोज शेकडो वेळा कड्याखालून घासत जातो, त्याची धार गोल होते, खाचेचा काठ रुंदावतो. मग एक दिवस हँडल ‘गाडी चालू’ या जागेवरही थोडं हलवलं की निघून येतं. त्या दिवसापासून खिशातल्या हँडलला काहीच अर्थ नाही, आणि हे कोणाला कळतही नाही, कारण गाडी तर नीट चालते आहे. म्हणून देखभालीत हँडल प्रत्येक जागेवर नेऊन ओढून पाहायचं असतं: एकाच जागेवर निघायला हवं, बाकी सगळ्या जागांवर अडायला हवं. कॉकचं हँडल न उचलता दोन्ही बाजूंना रेटून पाहायचं. स्प्रिंग मऊ झाली असेल, टाच घासली असेल तर बदलायची. आणि हँडलं मोजायची. कोणाच्या तरी खणात सोयीसाठी ठेवलेलं एक जादा हँडल असलं, की सगळ्या खाचा अगदी नव्या असूनही दोन्ही टोकांच्या झडपा एकाच वेळी उघड्या राहू शकतात.